हाकेच्या अंतरावर

३ नोव्हेंबर
पोहोचलो. खोली उबदार आहे आणि खिडकीतून गोठत चाललेलं सरोवर दिसतं. रिस्तेनकाकूंनी रेनडिअरचा रस्सा वाढला. मी आणखी नको म्हणालो, तर त्यांचे यजमान, मला कामाला बोलावणारे इस्सातकाका, म्हणाले, दक्षिणेकडची पोरं वाऱ्यानं उडून जातात, खिशात दगड ठेवत जा. खूप हसलो. तंत्रशाळा अर्धवट सोडल्यापासून मला कोणी कामावर ठेवलं नव्हतं. इथलं काम माझ्या आवडीचं आहे. काकांच्या रेनडिअरच्या कानातले बिल्ले सध्या हातभर अंतरावरूनच वाचता येतात. ते लांबून वाचता यावेत, एवढंच करायचं आहे.

५ नोव्हेंबर
जेवताना काकांना विचारलं, एकूण जनावरं किती? इथे कोणी कोणाला हे विचारत नाही, बँकेत पैसे किती असं विचारण्यासारखंच ते. काका शेवटी म्हणाले, झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत. मग माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच हसले.

बिल्ल्यात बॅटरी नसते. यंत्र हाक मारतं आणि त्या हाकेच्याच बळावर बिल्ला आपला क्रमांक सांगतो. हाक थांबली की तो मुका. मी अँटेना मोठा केला, मागे पत्रा लावला. कुंपणाच्या पलीकडची जनावरंही आता वाचता येतात.

८ नोव्हेंबर
अँटेना फिरवताना सरोवराच्या बाजूनं एक क्रमांक आला. तो कळपातला नव्हता. काकांना सांगितला. त्यांनी कप खाली ठेवला.

तो त्यांच्या मुलाचा, योव्नाचा. गेल्या वसंतात कळप पलीकडे नेताना तो बर्फ फुटून बुडाला. एक जादा बिल्ला तो पट्ट्याला अडकवायचा. म्हणायचा, मीही बाबांचंच जनावर, हरवलो तर सापडेन. प्रेत मिळालं नाही. इथे मेलेल्या जनावराचा कापलेला कान हातात आल्याशिवाय त्याचा क्रमांक यादीतून खोडत नाहीत. काकांनी मुलाचाही खोडलेला नाही.

मला कशासाठी बोलावलं, ते आज कळलं.

९ नोव्हेंबर
काकांना समजावलं की या लहरी पाण्यातून जात नाहीत, बुडालेला बिल्ला उत्तर देऊच शकत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, अजून किती लांब पोहोचशील?

११ नोव्हेंबर
ताकद वाढवली. तोच क्रमांक, आधीपेक्षा स्पष्ट. भीती वाटायला हवी होती. बोटं बधिर झाली आहेत, आणि आतही तसंच काहीतरी.

१२ नोव्हेंबर
ताकद मुद्दाम कमी केली, पहिल्या दिवसाइतकी, हातभर अंतराची. तरी तो क्रमांक आला.

मागे वळून पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं.

यंत्र बंद करतो म्हणालो. काकूही म्हणाल्या, बंद कर बाबा, नाहीतर हे बर्फावर जातील. बर्फ अजून पावाच्या पापुद्र्याएवढाच आहे. काकांनी माझा हात धरला.

"हाक थांबवलीस तर तो परत मुका होईल, ताउनो. मी जाऊन घेऊन येतो."

मी बटण दाबलं नाही.

१३ नोव्हेंबर
काका निघाले. कुठवर गेलो ते तुला दिसेल, म्हणाले, आणि गळ्यात एक बिल्ला अडकवला. दुपारीच उजेड कमी झाला. यंत्राच्या पडद्यावर दोन क्रमांक, एकमेकांजवळ. आणखी जवळ. मग एकही नाही.

शेजारचे लोक दोर घेऊन गेले. बर्फात भोक. बाकी काही नाही.

मी बसून होतो. मला काही वाटलं नाही.

१४ नोव्हेंबर
यंत्राची वायर ओढून काढली. ती आता माझ्या मांडीवर आहे. आतली बॅटरीही काढली आहे. दोनदा तपासलं.

पडदा चालू आहे. दोन क्रमांक. कुंपणापाशी —

हाक मी मारत नाहीये. काकू मारतायत. सकाळपासून खिडकीशी उभ्या राहून दोघांची नावं घेतायत, हळू आवाजात, जेवायला बोलवावं तशी. टेबलावर वाडगे मांडले आहेत. माझाही.

त्यांना म्हणालो, काकू, पुरे. त्या म्हणाल्या, अरे, ओ देतायत की.

पायरी. ओले बूट — पायरीवर —

हातभर.

काकू दाराकडे निघाल्या आहेत. त्यांना धरायला हवं. उठतोय, पण पाय — माझे पाय कुठे आहेत ते कळत नाही —

काकूंनी कडी काढली. आता त्या माझं नाव —