चौतीस फुटी बोटीच्या नापास शेऱ्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षं एकाहत्तर, धंद्याने बोटींचा तपासनीस, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. ते आजवर कोणाला जमलेलंही नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी मेहुण्याला दुर्बीण दिली होती.

कलम १. राहतं घर, दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या एका मुलीला. न्हाणीघराच्या भिंतीत ओल आहे. घर विकायचं झाल्यास ती रंगाखाली लपवू नये. असे लपवणारे मी जन्मभर पकडत आलो.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलीच्या दोन्ही मुलांना, निम्मी निम्मी.

कलम ३. ओलावा मोजायचं यंत्र, काठीला लावलेला आरसा आणि हातोड्या बंदरावरच्या तपासनिसांच्या संघटनेला. गुडघ्यांना बांधायच्या गाद्या मात्र गॉगलवाल्या तपासनिसाला द्याव्यात. तो बोटीत न उतरता धक्क्यावरूनच अहवाल लिहितो, त्यामुळे त्या कधी झिजणार नाहीत.

कलम ४. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याला अंत्यविधीला बोलवावं. बोलू देऊ नये. एकदा सुरू झाला की आवरत नाही, आणि त्या वेळी मला उठून जाता येणार नाही.

कलम ५. याचं कारण लिहून ठेवतो. बावीस वर्षांपूर्वी मेहुण्याने एक शिडाची बोट हेरली. चौतीस फुटी, फायबरची, कारखान्यातून शेकड्यांनी निघणाऱ्यांपैकी एक, आठ वर्षं वापरलेली. दोन्ही कुटुंबांनी मिळून घ्यायची, सुट्टीत पोराबाळांना घेऊन समुद्रावर जायचं, असा बेत होता. बायकोने तर पडद्यांचं कापडही पसंत करून ठेवलं होतं. तपासायला अर्थात मी.

खरं सांगायचं तर बोट चांगली होती. परवडणारी होती म्हणून टाकाऊ नव्हती. खिडक्यांचं रबर हलकं होतं, कपाटांची दारं कागदासारखी, आतले धरायचे दांडे मुलांच्या हाताला न पोचणारे. पण सहा जणांना झोपायला नीट जागा होती, शेगडी लाटेबरोबर झुलून सरळ राहत होती, शिडाचे सगळे दोर सुकाणूपाशी आणलेले असल्यामुळे एकटा माणूसही बोट सांभाळू शकला असता. डोलकाठीचा पाया घट्ट होता. मी बोटीच्या अंगावर हातोडीने ठोकत होतो. धड फायबर टणटण वाजतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. तेवढ्यात मेहुणा विकणाऱ्यासमोर म्हणाला, "दाजी, किती ती ठोकाठोक! बोट घ्यायचीय, मडकं नाही. तुम्हाला पाण्याचीच भीती वाटते, कबूल करा की!"

सगळे हसले. बायकोही हसली.

पुढच्या बिछान्याखाली ठोकलं, तिथे बद्द वाजलं. मी जागच्या जागी लिहिलं: तळ आतून सुटलेला, कुटुंबासाठी असुरक्षित, नापास.

बिछान्याखाली पाण्याची टाकी होती आणि ती भरलेली होती. भरल्या टाकीवर काहीही बद्दच वाजतं. ठोकण्याआधी टाक्या रिकाम्या करायच्या, हे या धंद्यातलं पहिलं काम. रागाच्या भरात मी ते विसरलो. तिसऱ्या दिवशी विकणाऱ्याने टाकी उपसल्याचं कळलं, तेव्हा एकटाच जाऊन पुन्हा ठोकलं. खणखणीत. दुरुस्तीचं एक पान लिहिलं असतं की काम भागलं असतं. पण मेहुण्यापुढे मान खाली घालायची? मी नाही लिहिलं.

मेहुण्याने बोट एकट्याने घेतली, तीही माझ्या नापास शेऱ्यामुळे निम्म्या भावात. दर सुट्टीत तो सहकुटुंब जायचा आणि ठणठणीत परत यायचा. दर वेळी धक्क्यावरून हाक मारायचा, "ताई, चल की!" बायको त्याच्या पोरांसाठी केलेल्या खाऊचा डबा त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "नको रे. ह्यांनी नापास केलीय ना." मुलीलाही तिने कधी पाठवलं नाही. बोट दिसेनाशी होईपर्यंत मायलेकी बाकावर बसून असायच्या. अशा सोळा सुट्ट्या गेल्या. सहा वर्षांपूर्वी बायको वारली.

कलम ६. आता मेहुण्याचे गुडघे गेले. तो ती बोट माझ्या मुलीला देतोय. तिला मुलांना घेऊन निघायचं आहे. विमावाल्यांनी माझा जुना शेरा शोधून काढला. ज्याने दिला त्याने मागे घ्यावा, नाहीतर तळ कापून दाखवावा, असं त्यांचं म्हणणं. मुलगी दोन महिन्यांत चारदा येऊन गेली. "बाबा, एकदा जाऊन बघा तरी!" चारही वेळा मी नाही म्हणालो.

कलम ७. तो शेरा चुकीचा होता, तो मी मागे घेतो, असा सही केलेला कागद बंद पाकिटात ठेवला आहे. माझ्या मृत्यूनंतर पाकीट मुलीला द्यावं. त्याआधी कोणीही उघडू नये.

इथवर लिहून झाल्यावर मी ते साक्षीदारांना वाचून दाखवलं. तळमजल्यावरच्या शिडं शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे पोरीने तुम्ही मरायची वाट बघायची?"

"बाई, तुम्ही फक्त सही करायची आहे."

"मग घ्या तुमचं पेन," म्हणाल्या आणि हाताची घडी घालून बसल्या. डॉक्टर म्हणाले, "तुमची तब्येत बघता आणखी दहा वर्षं तरी कुठे जात नाही तुम्ही." मुलीची मुलं तोवर मिसरूड फुटायच्या वयाची होतील. बाई काही हलायला तयार नव्हत्या. शेवटी मी मुलीला फोन लावला आणि टाकीपासून सगळं सांगितलं.

सांगून झालं. मी आभारांची वाट बघत होतो, हेही लिहून ठेवतो.

मग ती म्हणाली, "आई होती तेव्हा का नाही सांगितलंत?"

तिने फोन ठेवला.

कलम ७ खोडलं आहे. खोडलेल्या ओळीवर माझी आद्याक्षरं आहेत. पाकीट बाई आजच तिच्या घरी नेऊन देणार आहेत. बाकी कलमं आहेत तशी कायम.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. तो खरा आहे.

सही: तपासनीस, निवृत्त
साक्षीदार १: शिडं शिवणाऱ्या बाई, तळमजला (पाकीट मिळालं)
साक्षीदार २: डॉक्टर, समोरचा दवाखाना
ठिकाण: राहत्या घराचं स्वयंपाकघर
दिनांक: १४ मार्च, दुपारी साडेबारा