मामांच्या पाटाविषयी जामखेडहून

तीर्थरूप गहिनीनाथमामांस करणचा वाकून नमस्कार.

मी इकडे धडधाकट आहे. तुमची कंबर, म्हैस आणि विहिरीवरची मोटार तिन्ही नीट चालत असतील अशी आशा आहे. फोन तुम्ही माझा उचलत नाही (मोटारसायकलचा आरसा मी फोडला नव्हता, तो आधीच हलत होता), म्हणून कोल्हारवरून जाणाऱ्या टेम्पोवाल्याकडे हे पत्र देतोय.

मी निघालो होतो नगरला, लायसन काढायला. पण स्टँडवर जामखेडच्या गाडीत खिडकीची जागा मोकळी दिसली. त्याला आज अठरा दिवस झाले. चुलत बहीण रेश्माताई इथल्या वस्तीवरच्या शाळेत बाई आहे, तिच्याकडे राहतो. (जामखेडची भेळ चांगली असते, पण ते नंतर.) ताईने तुमच्या कोल्हारच्या शाळेशी व्हिडिओ कॉल जोडून एकत्र वर्ग घ्यायचं ठरवलं. तिकडच्या पोरांनी बागायत दाखवायची, इकडच्यांनी जिरायत. मला मोबाईल धरायचं काम मिळालं, कारण रेंज फक्त खिडकीच्या वरच्या गजापाशी येते आणि तिथवर माझाच हात पोहोचतो.

तर मंगळवारी पडद्यावर पाहुणे म्हणून तुम्हीच! टोपी नवी होती. तुम्ही पाटाबद्दल बोलायला लागलात. आपल्याकडे पाट म्हणजे कालवा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण इथे कालवाच नाही. इथे पाट म्हणजे पोरांसाठी जेवायला बसायचा, आणि मोठ्यांसाठी बाईमाणसाचं दुसरं लग्न. त्यात रेंज तुटक. ऐकू आलं ते एवढंच : "यंदा पाट मिळाला तर बरं, न्हाईतर लई हाल हायेत... फॉर्म भरून दिलाय... वाट बघतूय." एका पोरीने विचारलं, "लाकडाचा का?" आणि कॉल तुटला.

बाहेर ओट्यावर दगडाबाई बसल्या होत्या. (सरपंचांच्या आई. त्यांच्या कानावर पडलं की गावाला स्पीकर लागत नाही.) त्यांनी मला गाठलं.

"तुझा सख्खा मामा का रं?"

"व्हय."

"अन् मामी?"

"तीन वर्सं झाली जाऊन."

"मग पाटाचं अडलंय कुठं?"

मी खरं तेच सांगितलं, की फॉर्मला मंजुरी आली की लगेच, मामा त्याच्यावाचून अगदी सुकून गेलाय. "आगं बया, बिचारा!" म्हणाल्या आणि गुडघे धरून उठल्या.

उठल्या त्या थेट कानिफनाथच्या घरी. त्याची बहीण चांगुणाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. नवरा जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून भावाकडेच असतात. (मीठ कधी चुकत नाही. पोरांचं उरलेलं मी रोज खातो.) कानिफनाथला स्थळ पसंत पडलं आणि मला काही कळायच्या आत गावभर झालं. आता दळण घेऊन जाणारीसुद्धा चांगुणाबाईंना विचारते, "मग कधी निघायचं कोल्हारला?" उद्या तुम्ही म्हणालात की मी तर पाण्याचं बोलत होतो, तर हेच गाव त्यांना जन्मभर चिडवेल, आणि त्यांना शाळेत यायला तोंड राहणार नाही. रेश्माताई माझ्याशी बोलत नाही. पुढच्या कॉलच्या आधी अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहायचे, असं तिने वहीत लाल शाईने लिहून ठेवलंय.

थोरांना नमस्कार, म्हशीला वैरण.

तुमचा भाचा,
करण

ता. क. : रविवारी दहाच्या सुमारास कानिफनाथ जीप घेऊन तुमच्या दारात येतोय. सोबत दगडाबाई, चांगुणाबाई आणि रस्ता दाखवायला मी. कृपा करून घरी राहा, दाढी करा, आणि पाण्याचं अवाक्षर काढू नका.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी राहवलं नाही, म्हणून चांगुणाबाईंना खरं सांगून आलो. त्या पातेलं घासत होत्या. म्हणाल्या, "येड्या, चार हंगाम मी तुमच्याकडंच प्रवरेकाठी ऊस तोडलाय. पाट मला ठाऊक न्हाई व्हय? मंगळवारी वर्गाच्या दारातनं बघितलं तवाच कळलं हुतं." मग बोलला का नाहीत, विचारलं. "मानूस बरा वाटला. भावापुढं आपल्या तोंडानं कसं काढायचं? दगडाबाईनं परस्पर काढलं. मामाला म्हनावं, मी पसंत न्हाई पडले तर सरळ तोंडावर सांगा. पन पान्याचं निमित्त करू नका."