इंजिनिअरच्या पोरांना इतिहास

सर,

तुम्हाला हसू येईल, पण काल मी इतिहासासाठी भांडून आले. मी, जिनं दहावीनंतर इतिहास सुटला म्हणून देवापुढं साखर ठेवली होती. नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी बांधकाम शिकवते, एवढं तुम्हाला माहीत होतं. तुम्ही गेलात तेव्हा मला नोकरी लागून थोडीच वर्षं झाली होती. आता केस पिकलेत आणि असल्या समित्यांवर बोलावतात. विद्यापीठातल्या सगळ्या मुलांना, मग ती कुठल्याही शाखेची असोत, इतिहास सक्तीचा करावा का, यावर काल बैठक होती. आमच्या कॉलेजात गेलं वर्षभर तो शिकवून पाहिला होता, त्यामुळं आमचा अनुभव सांगायला मला बोलावलं होतं. विषय निघाला आणि मला तुमचा लातूरचा तो वर्ग आठवला. बैठकीत जे बोलले त्यापेक्षा जे बोलले नाही तेच जास्त आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही अकरावी सायन्सची पोरं. निम्मी खेड्यांतून आलेली, खोली करून राहणारी, सगळ्यांना डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं. मी चाकूरकडची. तुम्ही आर्ट्सच्या मुलांना इतिहास शिकवायचात, पण आमचा एखादा तास रिकामा गेला की प्राचार्य तुम्हालाच पाठवायचे. तुम्ही यायचात, पांढरा शर्ट, बाह्या नीट दुमडलेल्या, टेबलाला टेकून उभे राहायचात. मागच्या बाकांवरची मुलं गणितं सोडवत बसायची आणि तुम्ही त्यांना कधीच रागावला नाहीत. "करा, करा," म्हणायचात. "कान तर रिकामेच हायेत ना तुमचे." एका शनिवारी तुम्ही आम्हाला काम दिलंत. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी आपल्या घरच्यांनी काय पाहिलं, ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं. वहीत लिहायचं नाही, येऊन सांगायचं.

मला विचारायची गरजच नव्हती. आमच्या घरी ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. निजामाच्या बाजूचे रझाकार गावात आले, खळ्यावर आजोबांच्या धाकट्या भावाला गोळी घातली, कडब्याच्या गंजी पेटवल्या, आणि घरातल्या बाया लेकरांना घेऊन तुरीच्या रानात लपल्या. सोमवारी मी उभी राहून ती सांगितली. माझ्यानंतर दोघा-तिघांनी तसलंच सांगितलं. मग खिडकीजवळच्या एका मुलानं, तुम्हाला तो आठवेल, चष्मेवाला, बसूनच विचारलं, "सर, ते रझाकार म्हणजे तुमचेच लोक ना?"

मी खाली बघते आहे, बाकावर कुणीतरी कोरलेलं नाव बघते आहे. तुम्ही खडू टेबलावर ठेवलात.

"हाव," तुम्ही म्हणालात. "त्यातले काही आमच्या मोहल्ल्यातले बी होते. लाज वाटावी असंच केलं त्यांनी." मग म्हणालात, "आता त्याच वर्षाची अजून एक ऐका. हिंदुस्थानची फौज आली, राज्य गेलं, त्यानंतरची. एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस होता. रझाकार-बिझाकार कुणी न्हाई, साधा घड्याळवाला. घरात पीठ संपलं म्हणून गिरणीवर गेला. लेकराला म्हणला, येताना तुला बत्तासे आणतो. तो काही परत आला न्हाई. कुणी मारलं, कुठं पुरलं, पत्ता न्हाई."

"आणि ते लेकरू?" मीच विचारलं.

"ते शिकलं. मास्तर झालं," तुम्ही म्हणालात, खडू उचललात आणि फळ्याकडं वळलात. फळ्यावर काहीच लिहिलं नाहीत.

त्या हिवाळ्यात आजोबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लातूरला आणलं. वडील शेतीच्या कामात अडकलेले, म्हणून दवाखान्यात मीच त्यांच्याजवळ थांबायची. कॉलेजला दोन दिवस गेले नाही तर तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही डबा घेऊन वॉर्डात हजर. घरून मॅडमनी खिचडी आणि चिंचेचा खट्टा दिला होता. मी घाबरले होते सर, ते आता सांगते. आजोबा तसे प्रेमळ, पण तुमच्या जातीधर्माचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलायचा. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या, म्हणून मी नुसतं म्हणाले, "आजोबा, आमचे सर आलेत. इतिहास शिकवतात." त्यांनी हात जोडले. मी त्यांना खिचडी भरवली. त्यांनी भरपूर खाल्ली आणि मग, डोळे बांधलेल्या माणसाला वेळ जात नाही म्हणून असेल, ती घरची गोष्ट तुम्हाला सांगायला लागले. खळं, गोळी, गंजी, तुरीचं रान. मला वाटलं संपली.

तुम्ही विचारलंत, "आणि मग फौज आल्यावर तुमच्या गावात काय झालं?"

एवढंच. आमच्या घरात हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. गोष्ट जिथं संपायची तिथं ती संपली असंच आम्ही धरून चाललो होतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा संत्रं सोलत होता, त्याचा वास येत होता.

"गावात एक मुसलमान पिंजाऱ्याचं घर व्हतं," आजोबा म्हणाले. "आमच्या गाद्या तोच भरायचा. गरीब माणूस. फौज आल्यावर गावातली माणसं त्याच्या घरावर गेली. मी बी गेलो. भाऊ गेलेला, डोकं फिरलेलं. मी काय उचललं न्हाई मास्तर, कुणावर हात बी टाकला न्हाई. पर दारात उभा व्हतो. पिंजारी माझ्याकडं बघून माझं नाव घेऊन वरडत व्हता. मी अडवलं असतं तर ऐकलं असतं लोकांनी. भाऊ माझा मेला व्हता ना, माझं ऐकलं असतं."

मी तुमच्या चेहऱ्याकडं बघत होते. तुमच्या तोंडून काय निघेल याची मला भीती वाटत होती. तुम्ही खुर्ची थोडी पुढं ओढलीत. "माझे अब्बा बी त्याच दिवसांत गेले," तुम्ही म्हणालात. "मी पाच वर्षांचा असेन."

आजोबांचा हात चादरीवर चाचपडला. तुम्ही तुमचा हात त्याच्याखाली दिलात. कुणी माफी मागितली नाही, कुणी दिलीही नाही. मग आजोबा म्हणाले, "मास्तर, ती खिचडी तुमच्या घरची व्हती का?"

"हाव."

"लई चांगली व्हती."

जाताना मी तुम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले. मी म्हणाले, "सर, हे सगळ्यांना शिकवलं पाहिजे. डॉक्टर, इंजिनिअर, सगळ्यांना." तुम्ही सायकलचं कुलूप काढत होतात. म्हणालात, "मला बी तसंच वाटायचं गं. पण आता कळून नाही राहिलं. मी शिकवतो ते पेपरपुरतं. सनावळ्या पाठ केलेली पोरं बाहेर जाऊन दगड मारताना बी बघितलीत मी. तुझ्या आजोबांनी आज सांगितलं ते कुठल्या पेपरात बसवायचं?" आणि पायडलवर पाय ठेवता ठेवता म्हणालात, "त्यांना पपई दे. पचायला हलकी असते."

पुढं आजोबा दोन वर्षं जगले. त्यांच्या आवाजातला तो बदल मात्र नंतर मी पुन्हा ऐकला नाही. त्या दुपारबद्दल घरी ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

ते कुठल्या पेपरात बसवायचं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कॉलेजात हा विषय माझ्याकडं आला तेव्हा मी एवढंच केलं, की पेपर ठेवू दिला नाही. मुलांना सांगितलं, दोन म्हाताऱ्या माणसांना भेटायचं. एक आपल्या घरातलं, एक आपल्यासारखं नसलेल्या घरातलं. दोघांना विचारायचं, आणि गोष्ट संपली असं वाटलं की अजून एकदा विचारायचं, मग पुढं काय झालं? सगळं छान झालं असं नाही. देगलूरची एक मुलगी तिच्या तेलुगू बोलणाऱ्या आजीचं गाणं घेऊन आली, वर्ग आधी हसला, मग ऐकायला लागला. दोन मुलं मात्र हातघाईवर आली. निलंग्याकडच्या एका मुलाचे वडील माझ्या केबिनमध्ये येऊन उभे राहिले. "मॅडम, पोराला इंजिनिअर करायला पाठवलंय," ते म्हणाले, "जुनी मढी उकरायला न्हाई. आमच्या घरात म्हातारी चार दिवस रडून राहिली याच्या प्रश्नानं." मी त्यांना चहा दिला. ते खोटं बोलत नव्हते. जाताना तेच दारात थांबले आणि म्हणाले, "पर आता ती झोपती म्हणा नीट." आणि गेले.

कालच्या बैठकीत एक तरुण विभागप्रमुख म्हणाले, पोरांना नोकऱ्या पाहिजेत, त्यांच्या डोक्यावर अजून ओझं कशाला. दुसऱ्या एका ज्येष्ठांना इतिहास हवाच होता, पण अभिमान वाटेल असा. मी दोघांशीही भांडले. म्हणाले, माझी मुलं पूल बांधणार आहेत, धरणं बांधणार आहेत, कुणाच्या तरी गावावर, कुणाच्या तरी घरावर. तिथं आधी कोण राहत होतं हे विचारायची सवय त्यांना आता लागली नाही तर कधी लागणार? शेवटी मान्य झालं. पुढच्या वर्षीपासून सगळ्यांना, पेपर नाही, नुसत्या भेटी आणि वर्गात सांगणं. पुढं त्याचं काय होईल माहीत नाही. एखाद्या वर्षात कुणीतरी त्याचेही प्रश्नोत्तरांचे संच काढेल. तरी बरं वाटलं. बाहेर पडले तेव्हा वाटलं, तुम्हाला सांगायला पाहिजे.

आणि हेही सांगते, कारण हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. गेल्या महिन्यात वर्गात एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी काय झालं होतं?" सगळी मुलं माझ्याकडं बघत होती. मी सांगायला लागले. रझाकार, खळं, धाकटा भाऊ, पेटलेल्या गंजी, तुरीच्या रानात लपलेल्या बाया. मुलं ऐकत होती. तिनं विचारलं, "मग पुढं?" तेवढ्यात तासाची बेल झाली, आणि मी म्हणाले, राहिलेलं नंतर.

बेल झाली हे खरं आहे, सर. पण बेल व्हायच्या आधीच मी थांबले होते.