बाबांचं पोट आणि खनिजांचं पाणी

२ मार्च, सकाळी ७
बाबांचं पोट बारा दिवस नीट साफ नाही. डॉक्टर म्हणाले, वजनही उतरलंय, दुर्बिणीने आतडं तपासून घ्या, घाई करा. सोमवारची वेळ दिली आहे. मी मात्र रीतसर वाचन केलं. मॅग्नेशियम आणि सल्फेट भरपूर असलेल्या पाण्याने पोट साफ होतं. नळी घालण्याआधी पाणी देऊन बघावं, हे कोणालाही पटेल.

३ मार्च
तपासणी तीन आठवडे पुढे ढकलली. आळसाने नाही, तत्त्वाने. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. नवव्या वर्षापर्यंत मी शाळेऐवजी त्यांच्या टेबलाशीच शिकले. पहिला धडा: एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, मग थांबून बघायचं. पाणी आणि तपासणी एकदम केली तर गुण कशाचा, हे कळणार कसं? बाबा लगेच हो म्हणाले. आत्या म्हणते, तो नळीला घाबरतोय आणि तू त्याला निमित्त देतेयस. आत्याला शास्त्र कळत नाही.

४ मार्च
पाण्याचे चार कॅन आले. वीस मिनिटं उकळून, फडक्याने गाळून देते. आजाऱ्याला कच्चं पाणी द्यायचं नाही, ही आईची शिकवण. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसला. केवढी घाण! घासून काढली.

९ मार्च
बाबा म्हणतात, हलकं वाटतंय. वजन दीड किलो कमी. ‘सुधारणा’ या रकान्यात लिहिलं. आत्या म्हणाली, अगं, त्याच्या पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडावं लागलं, डोळे उघड. मी म्हटलं, शरीर मोकळं होतंय.

१४ मार्च
चार दिवस काहीच नाही. रोज दोन ग्लास वाढवले. बाबांनी अर्धं ताट तसंच सरकवलं. म्हणाले, पाण्यानेच पोट भरतं गं, स्वयंपाकाचा गॅस वाचला. विनोद करतात म्हणजे तब्येत चांगली.

१८ मार्च
दुकानदाराकडे पांढऱ्या थराची तक्रार केली. त्याने हातातला कॅन खाली ठेवला आणि पोट धरून हसला. म्हणाला, अहो ताई, तोच तर माल! तुम्ही माल घासून टाकलात आणि नुसतं पाणी पाजलंत. कान तापले.
घरी येऊन शांतपणे विचार केला. प्रामाणिकपणे पाहिलं तर हे दोन आठवडे धरताच येत नाहीत. प्रयोग अजून सुरूच झालेला नाही. आज पहिला दिवस. तपासणी आणखी तीन आठवडे पुढे. दवाखान्यातल्या बाई फोनवर दोनदा म्हणाल्या, नक्की ना? मी दोनदा नक्की म्हणाले.

२३ मार्च
न उकळता देते आहे. बाबांच्या पोटातली गुरगुर शेजारच्या खोलीत ऐकू येते. पाणी कामाला लागलं! पोट थोडं फुगलंय. विचारलं तर म्हणाले, बरं आहे. भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

२७ मार्च, दुपारी
सकाळपासून ओकाऱ्या. आत्याने मला न विचारता ॲम्ब्युलन्स बोलावली. मी म्हणाले, अजून दहावाच दिवस आहे. ती म्हणाली, चपला घाल.

२८ मार्च
ऑपरेशन झालं. आतड्यात गाठ होती, वाट पूर्ण बंद. सर्जनने विचारलं, तपासायला पहिल्यांदा कधी सांगितलं होतं? मी तारीख अचूक सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली.

२ एप्रिल
बाबा दोन चमचे पेज प्यायले. माझ्याकडे बघून हसले. उगाच काळजी करत होते सगळे.
सर्जन म्हणाले, यकृतावरही डाग आहेत. मी म्हटलं, पुढच्या तपासण्या कधी करायच्या? या वेळी एक दिवससुद्धा पुढे ढकलणार नाही, सांगाल ती वेळ. ते म्हणाले, सवडीने करू, आता घाई नाही.
किती बरं वाटलं. जिन्यात आत्या भेटली, तिला तेच सांगितलं: डॉक्टर म्हणाले, आता घाई नाही.
ती कठड्याला धरून पायरीवर बसली.
मग मला कळलं.