माझ्या बाजूचा ब्रेक

४ फेब्रुवारी

अंगठ्याला खाज. उजव्या पायाच्या. पाय नाही, अंगठा आहे! बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही.

५ फेब्रुवारी

काही नाही.

९ फेब्रुवारी

पायवाल्याकडे गेलो. कृत्रिम पाय त्यानेच बनवलाय, म्हणून घरात त्याला पायवालाच म्हणतो. सॉकेट घासून दिलं. गुडघ्याखाली आता कमी रुततं.

"जुना पाय जाणवतो का अजून?"

म्हटलं, जाणवतो. बोटं, टाच, सगळं.

"मग तो ह्याच्यात उतरवा. बुटात घालतो तसा. चालणं सुधारेल."

उतरवला. बसला की, अगदी मापात! येताना लंगडणंही कमी. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. रस्त्याच्या कडेला स्टेपनी बदलत होतो, ट्रकने पाय चिरडला — तेव्हापासून हे असंच. नातेवाईक हॉस्पिटलात येऊन रडायचे आणि मी त्यांना म्हणायचो, बसा, पाणी घ्या.

१४ फेब्रुवारी

मालकांचा फोन. ड्रायव्हिंग स्कूल त्यांचं, गाडीत शिकवायचो मी. म्हणाले, "ऑफिसात बसा. लोकांना रस्त्यावरच्या खुणा शिकवा. पगार तोच." म्हटलं, मला डावी सीट हवी. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगवर, मी डावीकडे, पायाखाली माझा वेगळा ब्रेक. एवढं एकच काम मला येतं. मालक म्हणाले, "बघू."

बायको म्हणते, "ऑफिसात कसले बसताय! खुर्चीत बातम्या बघतानाही तुमचं ब्रेक दाबणं चालूच असतं. मांडी हलते, मी बघते ना." हसली. मीही हसल्यासारखं केलं.

२० फेब्रुवारी

मोकळ्या मैदानात परीक्षा. मालक स्वतः गाडी चालवत होते. मध्येच ओरडायचे, "ब्रेक!" मग मी मांडी उचलायची, पाय पेडलवर टाकायचा, दाबायचा. माझ्या बाजूचा ब्रेक दाबला की बझर वाजतो — शिकणाऱ्याला कळावं, गाडी आपण थांबवलेली नाही. दर वेळी वाजला. मालक घामाघूम, मी कोरडा ठणठणीत. "सोमवारपासून या," म्हणाले.

बायकोने शेजारणीलाही सांगून टाकलं. मी जेवलो आणि झोपलो.

२६ फेब्रुवारी

नवीन विद्यार्थिनी. बँकेत असतात. कुणी हिसकावून नेईल असं स्टिअरिंग धरतात. "सर, माझ्या हातून कोणी मरणार तर नाही ना?" म्हटलं, मी आहे ना शेजारी.

३ मार्च

आज! शाळेमागची गल्ली. उभ्या गाड्यांच्या मधून एक म्हातारा एकदम समोर आला, हातात पिशवी. मी दाबला! मांडी उचलू, पाय टाकू, असलं काही नाही — सरळ दाबला! तळव्याखाली पेडल कडक लागलं, बोटं वळली. गाडी जागच्या जागी थांबली. म्हातारा शिव्या देत गेला. काय गोड वाटल्या त्या शिव्या! बँकेतल्या बाई स्टिअरिंग सोडायला तयार नव्हत्या आणि मी वेड्यासारखा हसत होतो.

घरी दोनदा वाढून घेतलं. "काय हो, आज स्वारी खुशीत?" म्हटलं, मला आनंद झालाय. लिहूनही बघतो — आनंद.

४ मार्च

बाई आज वेळेआधीच आल्या. तोंडभर हसू.

"सर, घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं. काल बझर वाजलाच नाही! म्हणजे ब्रेक मीच दाबला ना?"

मी खाली पाहिलं. उजवा बूट चटईवर, पेडलपासून वीतभर लांब. कालही तिथेच असणार. पेडलवर होता तो दुसरा, जुना पाय.

वाटलं, बझर बिघडला असेल. मांडी उचलून नीट दाबून पाहिलं. वाजला.

"तुम्हीच दाबलात," म्हटलं. "शाबास."

"घरी सांगते सगळ्यांना!" बाईंना काय करू नि काय नको झालं होतं. पोट दुखतंय सांगून मी आजचा धडा रद्द केला.

५ मार्च

कुणाला बोललो नाही. नाही बोललो तर कळणार तरी कुणाला? मैदानात पास झालोय. पण तिथे विचार करायला सवड होती. खरी वेळ आली की जुना पाय धावतो आणि हा नवा ढिम्म हलत नाही. बाईंनी दाबला म्हणून वाचलो. पुढच्याला नाही सुचलं तर? शिव्या द्यायला म्हातारा उरायचा नाही.

भीती वाटते. भूक नाही.

६ मार्च

मालकांना सगळं सांगितलं. गाडीची चावी टेबलावर ठेवली. ते काहीतरी बोलत होते, मी निघालो. घरी येऊन दारातच बूट काढायला खाली बसलो आणि रडू फुटलं. बायको आतून धावत आली.

"दुखतंय का हो?"

"पाय गेला गं माझा."

ती शेजारी फरशीवर बसली. "हो," म्हणाली.