कूलरचं तोंड

भिलाई, १९ मे

दोन महिने या वहीकडे फिरकलो नाही, चूक माझीच. सगळं नीट चाललं होतं ना.

आमच्या झटपट चार्जिंगने गाडीची बॅटरी तापत नाही, एवढाच तर माझ्या विद्यार्थिनीच्या, स्नेहलच्या प्रबंधाचा दावा. आज प्रयोगशाळेत बॅटरी हात लावू नये इतकी तापली. पाहिलं, तर कूलरमधलं पाणी संपलेलं.

"सर, आजचा आकडा सोडून देऊ ना," स्नेहल म्हणाली. मी होकारार्थी मान हलवली. का हलवली?

उन्हाळा लागताच कूलरचं तोंड मीच बॅटरीकडे वळवलं होतं. इथे माणसं घामाघूम झाली तरी चालतं, यंत्र जपायचं असतं. मग इतके दिवस बॅटरी थंड कुणी ठेवली? आमच्या पद्धतीने की कूलरने?

प्रबंध सोमवारी द्यायचा आहे. त्यावर तिची नोकरी अवलंबून. बायको म्हणते, "कावून घोर लावून घेता? पैसे थोडीच खाल्ले तुमी? बॅटरीनं हवा खाल्ली!" हसू आलं नाही. जामुलच्या चौकात उन्हात चार्ज होणाऱ्या ई-रिक्षापुढे कोण कूलर लावणार? ती पेटली तर? पण स्नेहलला कसं सांगू?

उद्या: स्नेहलसमोर, कूलर बंद ठेवून, पुन्हा चार्जिंग.