हळदीतलं तण आणि अण्णांची अब्रू

मिरज

ती. स्व. आर्जवदादा यांस,

श्रेणिकचा सप्रेम जय जिनेंद्र. आम्ही सर्व खुशाल. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का, ते कळवावे. साताऱ्यात चढ फार, तेव्हा जपावे. (पत्र पाहून दचकू नका. फोनवर बोललो तर तुमची बहीण ऐकते, आणि तिनं ऐकलेलं लगेच तुमच्या अण्णांपर्यंत जातं.)

झालं असं, की पावसाळ्यात गावी गेलो असताना तुमच्या हळदीत, पाटाच्या कडेला, मला बोटभर उंचीचं, निळ्या फुलाचं एक तण दिसलं. आपल्या राज्यात ते आजवर कुणी नोंदवलेलं नाही. इतकी वर्षं मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, पण माझ्या नावावर एकही शोध नाही, आणि प्राचार्य तो विषय दर वर्षी न चुकता काढतात. साहजिकच मला आनंद झाला आणि मी तो जेवताना बोलून दाखवला. अण्णांचा घास हातातच राहिला. ज्या माणसाचं रान स्वच्छ म्हणून तालुका नाव घेतो, त्याच्या रानात तण आहे हे जावई गावाच्या नावासकट छापणार! “आवं जावईबापू, दुसऱ्या कुणाच्या बांधावर घावलं म्हणून लिवा की,” म्हणाले. सकाळी जाऊन पाहतो तर रानात तण भांगलायला बायका लावलेल्या. मी पाटात आडवा झालो म्हणून एक रोप वाचलं. (बायका मला वळसा घालून भांगलत पुढे गेल्या.)

अण्णांची समजूत काढताना मी सांगितलं, की ही नोंद परदेशातही वाचतील आणि तीत आपलं रान कायमचं राहील.  संध्याकाळी ते रोपाशी उकिडवे बसून म्हणाले, “लय बारकं हाय हे. लोकं म्हणतील, पायगोंडाअण्णाच्या रानात तणबी उपाशी!” आणि दादा, त्यांनी त्याला खत घातलं. आधी शेणखत, मग पोत्यातलं, मग फवारा, शेवटी ठिबकची नळी. दर शनिवारी मी जाई तेव्हा ते वाढलेलंच. आता गुडघ्याला लागतं. पुण्याच्या ज्या तज्ज्ञांच्या होकाराशिवाय नोंद छापत नाहीत, ते फोटो पाहून म्हणतात, ही जात वेगळीच दिसते, तुम्ही म्हणता ती बोटभरच असते, तसा नमुना पाठवा. मला फार वाईट वाटलं. पण अण्णा येईल त्याला ते रोप दाखवतात, त्यांना काय सांगणार?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
श्रेणिक

ता. क. : रोपाला बी धरलं आहे. अण्णा फक्त तुमचं ऐकतात. एखादं रोप खतापाण्याविना वाढू द्या, एवढं त्यांना फोनवर सांगाल का? पत्र त्यासाठीच.

ता. क. २ : सांगू नका. पाकीट चिकटवत होतो तोच अण्णा आले. तुमच्या वाट्याच्या विहिरीकडच्या ज्या अर्ध्या एकरात तुम्ही हरभरा पेरायला सांगितला होता, तिथं त्यांनी हे बी फोकून पेरलं आहे. (तुम्हाला कळवू नका असं बजावलंय.) दादा, अर्ध्या एकरात खत सगळीकडे सारखं पडत नाही. एखादं तरी बोटभर राहील. यंदा हरभरा विकत घ्यावा, ही विनंती.